दुसरी चकती

शेडमध्ये त्याला सगळे केसभर म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं, पण ते घ्यायची पाळी फक्त हजेरी कारकुनावर यायची, आणि पुढे पुढे तोही "केसभर आलाय का रे?" असंच विचारायला लागला. नाव पडायला कारणही तसंच होतं. बोल्ट हातात घ्यायचा, खिडकीच्या उजेडाकडे तिरपा धरायचा, अंगठा फिरवायचा आणि म्हणायचं, "केसभर जास्त आहे." दगडावर दोन हात मारायचे, पुन्हा अंगठा फिरवायचा, पुन्हा तेच, "अजून केसभर." समोर फोरमन असो नाहीतर खुद्द मॅनेजर असो, त्या केसभरापुढे कुणाची मात्रा चालायची नाही.

शेड कसली होती ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका मोठ्या लढाईत वापरलेल्या लाखो रायफली कोठारांत नुसत्या पडून होत्या. लढाई जुनी झाली, लढणारे म्हातारे झाले, रायफली मात्र ग्रीसमध्ये बुडवलेल्या, जशाच्या तशा. टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही, असलं ते लोढणं. मग वर बसलेल्यांपैकी कुणाला तरी एकदाची अक्कल सुचली. या रायफलींच्या जाड नळीत एक बारीक नळी बसवायची, नळी मागून बंद करणारा जो दांडा, तो बोल्ट, त्याचं तोंड बदलायचं आणि शाळा-कॉलेजातल्या मुलांना त्यांच्यावर नेमबाजी शिकवायची. काडतूस करंगळीच्या पेराएवढं. बाहेरून तीच रायफल, तेच वजन, तोच लाकडी दस्ता. आवाज मात्र टाळी वाजवल्यासारखा. "वाघाच्या गळ्यात मांजराचा आवाज बसवायचा धंदा आपला," असं भाऊजी म्हणायचे.

भाऊजी म्हणजे केसभरच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आई लवकर गेली, बाप असून नसल्यासारखा. तेव्हा आक्काने या भावाला वाढवलं, आणि लग्न झालं तेव्हा सरळ सोबत घेऊन सासरी गेली. "लोकांना लग्नात भांडीकुंडी मिळतात, मला मेहुणा मिळाला," असं भाऊजी चारचौघांत सांगायचे. पण त्या मेहुण्याला शेडमध्ये नेऊन चिकटवलं ते त्यांनीच, आणि कानस कशी धरायची इथपासून शिकवलं तेही त्यांनीच. पहिल्याच दिवशी केसभरने भर शेडमध्ये "भाऊजी, पक्कड द्या" अशी हाक मारली आणि सगळे फिस्सकन हसले. तेव्हापासून ते अख्ख्या शेडचे भाऊजी झाले. त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा फोरमनसुद्धा त्यांना भाऊजी म्हणे. भाऊजींना आवाज चढवणं जमायचंच नाही. तीस-बत्तीस फिटर होते शेडमध्ये, त्यातले निम्मे त्यांच्या हाताखाली तयार झालेले, पण मी शिकवलं असं त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही.

आता कामातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. या बारीक काडतुसाची ठिणगी त्याच्या बुडाच्या कडेत असते. पिन त्या कडेवर पडते आणि बार उडतो. ती कड बसायला नळीचं तोंड आणि बोल्टचं तोंड यांच्यात जरा फट ठेवावी लागते. फट कमी पडली तर बोल्ट मिटत नाही. जास्त झाली तर कड फुटते, आणि पुढे जायचा जाळ मागे येतो, झाडणाऱ्याच्या तोंडावर. म्हणून प्रत्येक फिटरजवळ पोलादाच्या दोन चकत्या असत, नखाएवढ्या. पातळ चकतीला कडेवर एक खाच, तिला म्हणायचे 'हो'. जाड चकतीला दोन खाचा, ती 'नाही'. बोल्टचं नवं तोंड मुद्दाम थोडं लांब यायचं. ते दगडावर घासत घासत आणायचं. 'हो' आत ठेवून बोल्ट मिटला पाहिजे आणि 'नाही' ठेवून मिटता कामा नये. दोन्ही लावल्याशिवाय रायफल टेबलावरून उठवायची नाही, हा नियम.

आणि दुसरा नियम, तो कुठल्या कागदावर लिहिलेला नव्हता पण त्याच्यापुढे कागदावरचे सगळे पाणी भरतील, तो असा की ज्याने बसवली त्यानेच पहिल्या पाच गोळ्या झाडायच्या. शेडच्या मागे एक लांबट बोगदा होता, वाळूच्या पोत्यांनी बंद केलेला. फिटरने आपली रायफल घेऊन तिथे आडवं व्हायचं, गाल दस्त्याला लावायचा आणि समोरच्या कागदावर पाच भोकं पाडायची. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली पाहिजेत. मग त्या कागदावर सही करायची आणि तो रायफलीच्या घोड्याला बांधायचा. तपासनीस नंतर येऊन शंभर शिक्के मारेना का, शेडचा विश्वास त्या कागदावर. आपलं काम चुकलं तर आपलाच डोळा जाईल, एवढं समोर असलं की माणसाचा हात आपोआप सरळ चालतो. मला विचाराल तर प्रत्येक धंद्यात असा एखादा बोगदा पाहिजे.

बोगद्यात दोघं जात. एक झाडणारा, एक दुर्बिणीतून भोकं पाहणारा. दाराबाहेर तांबडा दिवा लागला की तिसऱ्याने आत पाऊल टाकायचं नाही. केसभरचा जोडीदार भाऊजी आणि भाऊजींचा केसभर, पंचवीस वर्षं हेच चाललेलं.

केसभर पंचेचाळिशीला आला आणि त्याचा उजवा डोळा बिघडला. आधी वाटलं तेलाचा डाग आहे, पुसला की जाईल. नळीच्या टोकावरचा काटा दिसायचा, पण त्याच्या बरोबर मध्यभागी धुरकट काहीतरी यायचं, आणि डोळा हलवला की तेही सोबत हलायचं. डॉक्टर म्हणाला, आतला पडदा झिजलाय, यावर औषध नाही, डावा सांभाळा. डाव्याला जवळचं दिसायला चष्मा दिला. उजव्याचं त्याने घरात कुणाला सांगितलं नाही; वयाचा चष्मा म्हणून तो आक्काने स्वतः जाऊन आणला. ती म्हणाली, "लाव रे बाबा, त्यात लाज कसली?" केसभर घरी लावायचा. शेडच्या दाराशी आला की काढून खिशात टाकायचा. डोळ्यांत दोष निघाला की फिटरला टेबलावरून उठवून हमालीला लावत, आणि अंगठ्याने केसभराचा फरक ओळखणाऱ्या माणसाने पोती वाहायची ही कल्पना त्याला सहन व्हायची नाही. गर्व होता त्याला, दुसरं काय. नोकरीची काळजीही होती, पण गर्व जास्त होता, हे त्याने स्वतःच नंतर कबूल केलं.

भोकं पसरायला लागली. नाणं सोडा, वाटीखालीसुद्धा झाकेनात. बोगद्यात भाऊजींनी दुर्बिणीला लावलेला डोळा काढला आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

"तीन महिने."

"आणि मला आज सांगतोस."

"सांगितलं कुठे? तुम्हीच पकडलंत."

भाऊजींनी दुर्बीण बाजूला सारली. मग म्हणाले, "ऊठ. सरक इकडे." ते स्वतः आडवे झाले आणि केसभरच्या रायफलीवर पाच गोळ्या झाडल्या. पाचही नाण्याखाली. केसभरने सही केली. "झाकली मूठ सव्वा लाखाची," भाऊजी म्हणाले, "बसवतोस तर तू चांगलीच ना? मग झाडली कुणी याला काय महत्त्व?"

महत्त्व होतं हे दोघांनाही माहीत होतं. पण आपल्या माणसासाठी नियम वाकवताना तो मोडतोय असं कुणाला वाटत नाही. जवळजवळ एक वर्ष असं चाललं. रोज दोन-तीन रायफली, रोज तांबडा दिवा, आणि दाराआड भाऊजींचा गाल केसभरच्या रायफलीला लागलेला.

तो दिवस साधा होता. सकाळी केसभरने टेबल पुसलं. चकत्यांवरच्या खाचा त्याला चष्म्याशिवाय दिसत नसत, म्हणून त्याने मनाशी एक हिशेब बसवला होता: 'हो' डावीकडे, 'नाही' उजवीकडे. त्या दिवशी फडकं फिरवल्यावर त्याने त्या उलट्या ठेवल्या. नखाने खाच चाचपली असती तरी कळलं असतं. नाही चाचपली. 'हो' समजून 'नाही' उचलली आणि तिच्यावर बोल्ट मिटेपर्यंत तोंड घासत राहिला. नेहमीपेक्षा जास्त घासावं लागतंय असं एकदा वाटलंही. आता दुसरी चकती लावायची होती. ती लावली असती तर बोल्ट सैल मिटला असता आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडली असती. पण बोल्ट इतका मऊ फिरत होता की त्याने स्वतःशीच म्हटलं, "आपल्याला काय दुसरी चकती लागते होय?" आणि रायफल उचलली. हे वाक्य तो जन्मभर विसरला नाही.

पहिल्या दोन गोळ्या नीट गेल्या. तिसरीला आवाज वेगळा आला, पत्र्यावर खडा मारावा तसा. केसभरने दुर्बिणीवरचा डोळा काढून पाहिलं तर भाऊजी तसेच आडवे होते, फक्त रायफल सोडून त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. डोळे वाचवायला जाळीचे चष्मे होते, नाही कसे, भिंतीवर खिळ्याला टांगलेले. त्या काळी ते कुणीच लावत नसे.

"भाऊजी."

"थांब," भाऊजी म्हणाले. बोटांतून रक्त येत होतं, पण आवाज नेहमीचाच. "आधी चिठ्ठी बदल."

प्रत्येक रायफलीला फिटरच्या नंबराची चिठ्ठी असायची. केसभरचा नंबर एक्केचाळीस, भाऊजींचा सतरा. केसभरला काही सुचेना. तो त्यांच्या खांद्याला धरून नुसता हलवत होता.

"ऐक माझं. तुझी रायफल मी झाडली हे कळलं तर दोघंही घरी बसू. माझी मी झाडली, माझी चुकली, तर एकटा मी. आक्काच्या घरात एक तरी पगार आला पाहिजे. लिही सतरा. लवकर लिही, मग दार उघड."

त्याने लिहिलं. सतराचा सात त्याला दोनदा गिरवावा लागला. मग त्याने दार उघडलं आणि ओरडला. माणसं धावली, भाऊजींना नेलं. केसभर टेबलापाशी परत आला आणि मळक्या फडक्यावर ठेवलेली चकती त्याने आता नखाने चाचपली. दोन खाचा लागल्या. तिथेच तो मटकन खाली बसला, आणि लोकांना वाटलं भाऊजींसाठी बसला. तेही खोटं नव्हतं.

चौकशी झाली. टेबलामागे तीन साहेब, समोर केसभर साक्षीदार म्हणून. फिटरने दुसरी चकती लावली नाही, फिटरचाच निष्काळजीपणा, असं लिहिलं गेलं आणि केसभरने त्याखाली सही केली. एकदा वाटलं बोलावं. समोर पट्टी बांधलेले भाऊजी बसले होते, आणि त्यांनी उरलेल्या एका डोळ्याने त्याच्याकडे असं पाहिलं की उघडलेलं तोंड मिटलं. उजवा डोळा गेला होता. भाऊजींना टेबलावरून काढून धुलाईच्या हौदावर टाकलं. कोठारातून आलेल्या रायफलींचं ग्रीस गरम पाण्यात धुवायचं काम. ज्या माणसाने अर्धी शेड शिकवली तो कोपरापर्यंत काळ्या पाण्यात हात घालून उभा, आणि त्यानेच शिकवलेले फिटर समोरून मान खाली घालून जायचे. काहींनी मान खाली घातली. काहींनी नाही घातली. "भाऊजी चकती विसरले," असं एकमेकांत म्हणायचे, आणि दुसरा म्हणायचा, "वय झालं की हात जातोच."

आणि दैवाचं करणं बघा. या अपघातानंतर वरून हुकूम आला की यापुढे कुणी अंगाला लावून पहिली गोळी झाडायची नाही. बोगद्यात लोखंडी घोडी आली, तिच्यात रायफल आवळायची आणि दोरी ओढायची. केसभरच्या डोळ्याची अडचण अशी सुंठीवाचून गेली. भाऊजींच्या डोळ्यावर त्याची नोकरी शाबूत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तो भर शेडमध्ये चष्मा लावून बसू लागला; नेमच धरायचा नव्हता, मग डोळ्यांचा दोष कोण काढणार? दोन्ही चकत्या तो दोनदा लावायचा, खाच चाचपून. त्याची एकही रायफल पुढे परत आली नाही. निवृत्तीच्या वेळी त्याला तसं लिहिलेलं प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्याने कपाटात कपड्यांच्या तळाशी घातलं आणि पुन्हा काढलं नाही.

हे सगळं सोसता आलं असतं एकवेळ. आक्काचं काय करणार?

आक्काच्या जिभेला हाड नव्हतं. मनाने वाईट नव्हती, पण तिला नवऱ्याच्या हाताचा फार अभिमान होता, आणि तो असा मोडला की तिला ते सोसेना. बाहेर कुणी ऐकवलं की घरी येऊन ती नवऱ्याला ऐकवायची. "साऱ्या जगाला शिकवलंत आणि स्वतः दुसरी चकती लावायला विसरलात?" सुरुवातीला रडत म्हणायची. मग रागाने. मग सवयीने. कपबशी फुटली, किल्ली हरवली, दूध उतू गेलं, काही झालं तरी गाडी तिथेच. "यांना कुठलं धड जमायला? यांच्या हातांचं नाव घेऊ नका." सोळा वर्षं, अहो, सोळा वर्षं.

केसभर आता वेगळा राहायचा, पण दर रविवारी त्यांच्याकडे जायचा. दोन खोल्या, दुसरा मजला, खिडकीशी एक खाट, समोर दोन खुर्च्या. आक्का चहा आणायची, पहिला कप भावाला. "माझा भाऊ बघा," ती म्हणायची. "केसभर चूक नाही कधी. आणि शिकवलं कुणी म्हणे, तर यांनी." भाऊजी खाटेवर बसून बशीत चहा ओतत असायचे आणि हसायचे. "खरंय," म्हणायचे, "चेला गुरूच्या पुढे गेला." चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं केसभरचं झालं होतं. आक्काने सहज जरी "काय रे, गप्प का?" म्हटलं तरी तिला कळलं की काय या भीतीने तो निघायच्या घाईला लागायचा. आणि कळलं नाही म्हणून घरी जाताना स्वतःचीच किळस यायची.

एकदा ती पाणी आणायला खाली गेली होती तेव्हा त्याने भाऊजींचे गुडघे धरले. "मला सांगू द्या तिला. मला होत नाही आता."

"कशाला?" भाऊजी म्हणाले. "आता निवृत्तही झालो मी. हौदसुद्धा राहिला नाही मागे."

"ती तुम्हाला बोलते ते मला ऐकवत नाही."

"मला ऐकवतं ना? मग तुझं काय जातं?" आणि मग खिडकीबाहेर बघत, "तिने तुला पोटच्या पोरासारखं वाढवलंय. मी नवरा आहे, माझ्यावर चिडली तरी मी कुठे जातो? तुझ्यावरची माया गेली तर तिच्याकडे काय राहील? राहू दे."

केसभरने राहू दिलं. भाऊजींनी सांगितलं म्हणून राहू दिलं असं तो स्वतःला सांगायचा. पण खरी गोष्ट मी सांगतो, राहू देणं त्याच्याही सोयीचं होतं. रविवारचा तो पहिला कप त्याला सोडवत नव्हता.

गेल्या वर्षी भाऊजींचं हृदय बिघडलं. दवाखान्यात नऊ दिवस होते. केसभर रोज जायचा, रोज ठरवून जायचा की आज सांगायचं, दोघांच्या समोर सांगायचं. रोज नर्स असायची, नाहीतर शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक, नाहीतर भाऊजी झोपलेले असायचे. सबबींना काय तोटा? दहाव्या दिवशी सकाळी तो पोचला तेव्हा खाट रिकामी होती.

माणसं आली, गेली. पंधरा दिवस झाले असतील. शेडमधली रायफली बदलायची कामंही तेव्हा संपत आली होती. शेवटची खेप निघाली की ते खातंच बंद होणार होतं. नव्या मॅनेजरच्या मनात आलं की जुन्या एखाद्या कारागिराचा फोटो शेडच्या दारातल्या भिंतीवर लावावा. हजेरी कारकून, आता तोही म्हातारा झालेला, म्हणाला की शेड उभी केली ती भाऊजींनी, फोटो त्यांचाच लावा. चूक काय, कुणाच्या हातून होत नाही? तो स्वतः फोटो मागायला आक्काकडे गेला. परत येताना रस्त्यात त्याला केसभर भेटला.

"अरे, तुझी बहीण काही फोटो देईना," कारकून म्हणाला. "म्हणते, यांचा नको, लोक बघून हसतील. माझ्या भावाचा लावा म्हणते. तूच आणून दे बाबा एक."

केसभर तिथूनच वळला. जिना चढताना त्याला धाप लागली होती. आक्का खिडकीशी खाटेवर बसून भाऊजींचे सदरे घड्या घालून ठेवत होती, कुणाला तरी द्यायला. त्याला बघून म्हणाली, "ये. चहा टाकते."

"नको. बस तू. मला सांगायचंय."

तो खुर्चीवर बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. डोळ्याचं सांगितलं, बोगद्याचं सांगितलं, वर्षभर भाऊजी झाडत होते ते सांगितलं, चकत्या उलट्या ठेवल्या ते सांगितलं, दुसरी लावली नाही ते सांगितलं. एक्केचाळीसची चिठ्ठी काढून सतराची लिहिली ते सांगितलं. कुठे स्वतःला सांभाळून घेतलं नाही. बोलता बोलता तो रडायला लागला, आणि रडताना त्याला बरं वाटत होतं. सोळा वर्षांत पहिल्यांदा छाती भरून श्वास येत होता. आता आक्का मारेल, शिव्या देईल, दारातून हाकलेल, सगळं तो घ्यायला तयार होता. ते मिळालं की तो मोकळा होणार होता.

आक्काने हातातल्या सदऱ्याची घडी पुरी केली. ती बाजूला ठेवली.

"चष्मा होता का डोळ्यावर त्या दिवशी?" तिने विचारलं.

"नाही."

"खिशात होता?"

"हो."

तिने मान हलवली. बराच वेळ ती त्याच्याकडे बघतच नव्हती, खाटेवरच्या सदऱ्यांकडे बघत होती. मग बोलायला लागली, अगदी हळू. असा आवाज त्याने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"दवाखान्यात शेवटच्या रात्री पेला दिला त्यांच्या हातात. हातात जोर नव्हता, सांडला चादरीवर. मी म्हटलं, हात तुमचे जागेवर होते तरी कधी." ती थांबली. "तेच शेवटचं. त्यानंतर मी काही बोलले नाही त्यांच्याशी. चादर बदलत राहिले, मग त्यांना झोप लागली. ते हसले होते रे. मी असं म्हटलं तर हसले."

केसभर म्हणाला, "आक्का, चूक माझी..."

"तुझी चूक तू सांगितलीस. झालं तुझं." ती अजूनही रागावली नव्हती, आणि रागावली असती तर किती बरं झालं असतं असं त्याला वाटलं. "सोळा वर्षांत तुला एक रविवार नाही मिळाला? ते समोर बसलेले असताना? मी दोन शब्द चांगले बोलले असते. पाय धरले असते त्यांचे. आता मी कुणाला सांगू?"

केसभरला आत्ता, त्या खोलीत, पहिल्यांदा कळलं की आपण काय केलंय. डोळा घेतला तो एकदा. पण आज, स्वतःला हलकं वाटावं म्हणून, आपण आक्काचा सोळा वर्षांचा संसार उलटा करून तिच्या पुढ्यात टाकला, आणि सरळ करून घ्यायला जो माणूस लागतो तो आता नाही. तो पुढे झाला, खाली बसायला, तिचा हात धरायला.

"जा तू आता," ती म्हणाली.

"आक्का."

"जा म्हटलं ना."

तो बाहेर आला. दार नुसतं लोटलं, लावलं नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून तो चपला घालत होता, पण डाव्या चपलेच्या अंगठ्यात बोट काही केल्या शिरेना. आत खाट वाजली. आक्का उठली असावी. मग तिचा आवाज आला.

"अहो."

केसभरचे हात थांबले. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, जरा मोठा, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक मारावी तसा.

"अहो, ऐकलंत का?"

उत्तराची वाट पाहावी तेवढा वेळ गेला, त्यापेक्षाही जास्त गेला. केसभर पायरीवर चप्पल हातात धरून बसून राहिला. आत जायचं तोंड त्याला नव्हतं, आणि उठून जाणंही होईना. आतून पुन्हा हाक आली.